वजनकाटा आणि नाडी

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांची लय सुटते, ते ठेक्यात आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात आणि खालच्या कप्प्यांपर्यंत संदेश कसेही, केव्हाही पोचतात. मनगटावर बोटं ठेवली तर ठेका सापडतच नाही. याला एट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात. दवाखान्यात 'ए-फिब' किंवा नुसतं 'एएफ'. या विकाराबद्दल आलेल्या पत्रांत वजनाचे प्रश्न इतके होते, की या खेपेची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वय ५६, उंची १६८ सेंमी, वजन ९६ किलो. सहा महिन्यांत दोनदा जोरात धडधड झाली, ईसीजीत ए-फिब निघालं. गोळ्या चालू आहेत. पण डॉक्टर दर वेळी 'वजन उतरवा' म्हणतात. गुडघा दुखला तरी वजन, साखर वाढली तरी वजन! हा खरंच उपचार आहे की सवयीने म्हटलेलं वाक्य? (सातारा)

उत्तर : तुमची चिडचिड समजते, पण या आजारात तरी ते वाक्य सवयीचं नाही. ए-फिबमध्ये वजन उतरवणं हा गोळी, शॉक आणि अ‍ॅब्लेशन यांच्या रांगेत बसणारा उपचार आहे. (शॉक म्हणजे विजेचा झटका देऊन लय जाग्यावर आणणं; अ‍ॅब्लेशन म्हणजे नळी घालून हृदयातली लय बिघडवणारी जागा निकामी करणं.) अमेरिकेच्या २०२३च्या आणि युरोपच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत वजन जास्त असलेल्या ए-फिबच्या रुग्णाने किमान १० टक्के वजन उतरवावं असं स्पष्ट लिहिलं आहे.

हा आकडा आला कुठून? ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या हृदयतज्ज्ञांनी ३५५ रुग्णांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि २०१५मध्ये निष्कर्ष छापले. सगळ्यांना ए-फिब होतं आणि सगळ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २७ किंवा त्याहून जास्त होता. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यातले सुमारे ४६ टक्के लोक लय सांभाळणारी गोळी किंवा अ‍ॅब्लेशन यांच्याशिवाय ए-फिबमुक्त राहिले. ३ ते ९ टक्के उतरवणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं आणि ३ टक्क्यांच्या आत राहिलेल्यांत १३. म्हणजे थोडं उतरवलं तर थोडा फायदा, जास्त उतरवलं तर जास्त. जादू नाही हेही त्याच आकड्यांत दिसतं, कारण १० टक्के उतरवूनही निम्म्याहून जास्त लोकांना गोळी किंवा अ‍ॅब्लेशनची मदत लागलीच.

आता तुमचं गणित. तुमचा बीएमआय ३४ येतो. १० टक्के म्हणजे साडेनऊ किलो. वजन ८६वर आलं तरी बीएमआय ३०च्या वरच राहील आणि तक्त्यात तुम्ही 'लठ्ठ'च दिसाल. त्याची फिकीर करू नका. हृदयाला तक्ता कळत नाही, त्याला उतरलेले साडेनऊ किलो कळतात. लग्नातलं ६८ किलो वजन परत आणायचं असं ठरवून बसलेली माणसं तिसऱ्या महिन्यात नाद सोडतात, हे आम्ही फार पाहतो.

चरबी आणि लय यांचा संबंध कसा लागतो, तेही सांगतो. शरीर मोठं झालं की त्याला पुरवायचं रक्तही वाढतं, रक्तदाब चढतो, आणि डावा खालचा कप्पा जाड व ताठ होत जातो. ताठ कप्प्यात रक्त ढकलताना त्याच्या वरचा कप्पा ताणला जातो. तुमच्या इकोच्या रिपोर्टमध्ये 'एलए' या अक्षरांपुढे जो आकडा आहे तो याच कप्प्याचा. पुरुषांत साधारण ४ सेंमीपर्यंत आणि बायकांत ३.८पर्यंत ठीक समजतात. रबर ताणून ताणून सैल पडावं तसा हा कप्पा सैलावतो आणि त्याच्या भिंतीत धाग्यांसारखे व्रण धरतात. दुसरी गोष्ट पोटावर हात ठेवून कळत नाही. हृदयाला चिकटूनही चरबीचा थर असतो. वजन वाढतं तसा तो जाडावतो, त्यातून सूज वाढवणारी रसायनं शेजारच्या स्नायूत झिरपतात आणि चरबीच्या पेशी स्नायूच्या धाग्यांमध्ये घुसतात. विजेचा संदेश एरवी सरळ वाटेने जातो. आता त्याला वळसे घालावे लागतात, आणि वळसे घेत तो स्वतःभोवतीच फिरायला लागला की ए-फिब सुरू होतं. अ‍ॅडलेडच्याच गटाने मेंढ्यांना खायला घालून लठ्ठ केलं तेव्हा हे सगळे बदल त्यांच्या हृदयात दिसले. वजन उतरवल्यावर त्यातले बरेचसे मागे फिरले. सगळे मात्र नाहीत. म्हणून तुमच्यासारखं, झटके येऊन-जाऊन असतानाच वजनाला हात घातलेला बरा. ए-फिब वर्षानुवर्षं कायम मुक्कामाला आल्यावर हेच काम अवघड होतं.

एक इशारा. ३५५ रुग्णांच्या त्याच अभ्यासात ज्यांचं वजन वर्षागणिक ५ टक्क्यांहून जास्त खालीवर होत राहिलं, त्यांचा बराचसा फायदा वाया गेला. दिवाळीनंतर आठ किलो उतरवायचे आणि लग्नसराईत परत चढवायचे, असं केलंत तर उतरवल्याचं श्रेय हृदय देत नाही. आठवड्याला अर्धा किलो, फार तर पाऊण. पाच-सहा महिने लागू द्या.

आपल्या लोकांसाठी एक पुरवणी. तो अभ्यास २७ बीएमआयपासून सुरू झाला, पण भारतीयांत २३च्या पुढे वजन जास्त आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपली चरबी पोटात लवकर साठते. त्यामुळे काट्याबरोबर टेपही हवी. कंबर पॅंटच्या पट्ट्याशी मोजू नका. ढेरी असलेल्या माणसाची पॅंट ढेरीच्या खाली बसते आणि माप वर्षानुवर्षं '३६'च राहतं! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उभं राहून, श्वास सोडून टेप लावा. पुरुषांत ९० सेंमी आणि बायकांत ८० सेंमीच्या वर आकडा गेला तर ती पोटातली चरबी.

प्रश्न : सासूबाईंना (वय ६७, वजन ८१) ए-फिब आहे. रात्री जेवणानंतर रिव्हारॉक्साबॅन २० ही रक्त पातळ करणारी गोळी घेतात. वजन कमी करायचं म्हणून त्यांनी सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी असे उपास धरलेत आणि इतर दिवशी रात्रीचं जेवण बंद केलंय. दोन महिन्यांत वजन अर्धा किलो वाढलं. कुठे चुकतंय? (डोंबिवली)

उत्तर : दोन ठिकाणी, आणि त्यातलं दुसरं वजनापेक्षा गंभीर आहे.

पहिलं ताटातलं. १०० ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे ३५० कॅलरी. त्यात मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम दाण्याचं कूट, १४०. एक मोठा चमचा तूप, १३०. खिचडीची एक भरलेली ताटली ६००च्या पुढे जाते, आणि प्रथिनं म्हणाल तर कुटात असतील तेवढीच. वर बटाट्याचा कीस, रताळ्याचे गोड काप, राजगिऱ्याचा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी हे पूर्वजांनी काही उगाच म्हटलेलं नाही. उपास सोडा असं आम्ही म्हणत नाही. वाटीभर भगर (कोरडी ५० ग्रॅम घेतली तर जेमतेम १७५ कॅलरी), साखरेविना ताक, काकडीची कोशिंबीर, एखादं फळ, एवढ्यावर उपास छान होतो. पण निर्जळी नको. पाणी तुटलं की रक्तातली पोटॅशियम-मॅग्नेशियमची पातळी डळमळते आणि ए-फिबला निमित्त मिळतं. त्यांना लघवी होण्याची गोळी चालू असेल तर निर्जळी अजिबात नको.

दुसरं गोळीचं. रिव्हारॉक्साबॅनची १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटीच नीट शोषली जाते. रिकाम्या पोटी घेतली तर औषधाचा बराच भाग अंगी लागत नाही, आणि हे बाहेरून कुणालाच कळत नाही: गोळी घेतल्याचं समाधान पुरं, रक्ताच्या गुठळीपासूनचं संरक्षण अर्धं. रात्रीचं जेवण बंद करायचंच असेल तर गोळी दुपारच्या मोठ्या जेवणाबरोबर आणा. मात्र वेळ बदलताना मधलं अंतर कसं साधायचं ते डॉक्टरांना विचारून. अपिक्साबॅन आणि डाबिगाट्रान यांना जेवणाची अट नाही. (डाबिगाट्रानची कॅप्सूल मात्र उघडून पाण्यात कालवायची नाही.) 'सोळा तास उपाशी' वगैरे जे करतात, त्यांनी आधी आपली गोळी कुठली ते वेष्टनावर वाचावं.

आता वजन खरंच कुठून उतरेल? तुमच्या घरी तेलाचा डबा किती दिवस पुरतो ते बघा. चार माणसांना महिन्याला ५ लिटर लागत असेल तर माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर तेल पोटात जातं, म्हणजे ३४० कॅलरी. तेच २ लिटरवर आणलं तर माणशी १४०. फोडणी तीच, भाजी तीच; रोजच्या २०० कॅलरी कमी झाल्या आणि ताटात काही उणं दिसलं नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन लिटर बाजूला काढून ठेवा आणि तेवढ्यातच भागवा. रोज चमच्याने मोजण्यापेक्षा हे सोपं जातं. चहाचंही तसंच. चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम, १६० कॅलरी. दोन्ही मिळून साडेतीनशेच्या आसपास बचत झाली; उरलेली भाकरी-पोळीच्या संख्येतून. उसळ आणि वरणाला हात लावू नका. प्रथिनं तोडली की चरबीआधी स्नायू उतरतात, आणि साठीनंतर गेलेला स्नायू परत येता येत नाही.

मिठाबद्दलही थोडं, कारण पापड-लोणचं उपासाला नसलं तरी घरात असतंच. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा. बाजारात 'कमी सोडियमचं' म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. मूत्रपिंड अधू असेल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी गोळी चालू असेल, तर ते विचारल्याशिवाय घेऊ नका. पोटॅशियम वाढलं तरी लय बिघडते, कमी झालं तरी बिघडते.

प्रश्न : माझं वजन ४९ किलो, वय ५१. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन झडप आकुंचली आहे आणि आता ए-फिबही. वजन हेच कारण म्हणतात, पण मी तर काडी! एसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. पालेभाजी खायची नाही असं सांगितलंय, ते खरं का? (कागल)

उत्तर : तुमच्या ए-फिबचं कारण झडप आहे, वजन नाही. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपेला धरतो. ती अरुंद झाली की वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं आणि तो फुगतो. वर सांगितलेली ताणण्याची गोष्ट इथेही घडते, फक्त ताण चरबीचा नसून तुंबलेल्या रक्ताचा असतो. भारतात ए-फिबच्या रुग्णांत असे झडपेचे रुग्ण पुष्कळ आहेत. पाश्चात्त्य पुस्तकांत ते क्वचित भेटतात, म्हणून 'वजनच कारण' असं सरसकट छापून येतं. तुम्ही वजन कमी करू नका. उलट नकळत उतरत असेल तर सांगा.

एसिट्रॉमच्या जागी रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांपैकी एखादी द्यावी असं कुणी सुचवलं तर आधी हृदयतज्ज्ञांशी बोला. अशा झडपेच्या रुग्णांवर रिव्हारॉक्साबॅन वापरून मोठी चाचणी झाली, २०२२मध्ये तिचे निकाल आले, आणि जुनी गोळीच सरस ठरली.

पालेभाजी खायची. पालक, मेथी, अळू, शेपू यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते एसिट्रॉमच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण डोस तुमच्या खाण्याला धरूनच बसवलेला असतो. आठवड्याला तीन वाट्या खात असाल तर तीनच खात राहा. घोटाळा होतो तो अचानक बदलाने: श्रावणात रोज पालेभाजी सुरू केली की आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) खाली घसरतो, आजारपणात आठवडाभर पेजेवर राहिलात की वर चढतो. आकडा २ ते ३च्या मध्ये हवा. आहारात मोठा बदल करणार असाल तर त्या आठवड्यात आणि पुढच्या आठवड्यात तपासून घ्या. वजन उतरवण्यासाठी 'सकाळी हिरव्या पानांचा रस' सुरू करणाऱ्या एसिट्रॉमच्या रुग्णांनाही हेच लागू.

प्रश्न : वीस किलोमीटर धावतो, वजन ६१, वय ४८. तरी ए-फिब कसं? (नाशिक)

उत्तर : वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचा कठोर सराव करणाऱ्या पुरुषांत ए-फिब जास्त दिसतं. स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या बर्फावरच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या हजारो लोकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा जास्त शर्यती केलेल्यांत ते जास्त निघालं. त्यांचाही वरचा कप्पा ताणलेला असतो, फक्त कारण वेगळं. धावणं सोडायची गरज नाही. काही महिने अंतर आणि वेग निम्म्यावर आणून फरक पाहा. आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी मात्र करून घ्या. थायरॉइड जास्त चालत असेल तर माणूस बारीकही होतो आणि ए-फिबही येतं. आणि शनिवार-रविवारी 'थोडी' घेत असाल तर तीही मोजा. ऑस्ट्रेलियात आठवड्याला दहा किंवा जास्त पेग घेणाऱ्या ए-फिबच्या १४० रुग्णांवर चाचणी झाली: निम्म्यांना दारू जवळपास बंद करायला सांगितली, निम्म्यांना नेहमीप्रमाणे घेऊ दिली. सहा महिन्यांत ए-फिब परतलं पहिल्या गटात ५३ टक्के लोकांना, दुसऱ्यात ७३.

प्रश्न : यजमान रात्री इतके घोरतात की मुलं दुसऱ्या खोलीत झोपतात. मधेच आवाज बंद होतो, मग दचकून श्वास घेतात. वजन १०४. त्यांना ए-फिबसाठी दोनदा शॉक दिला, दोन्ही वेळा महिन्याभरात परत आलं. याचा काही संबंध? (लातूर)

उत्तर : दाट संबंध आहे, आणि तुम्ही 'मधेच आवाज बंद होतो' हे लिहिलंत ते फार बरं केलंत. घोरणाऱ्याला स्वतःला हे कधीच ठाऊक नसतं. झोपेत घसा मिटतो, छाती ओढत राहते पण हवा आत येत नाही. छातीतला दाब खाली जातो, वरचा कप्पा बाहेरून ओढल्यासारखा ताणला जातो, रक्तातला ऑक्सिजन घसरतो, आणि जाग येताना अड्रेनलिनचा फवारा सुटतो. हे रात्रीत शेकडो वेळा. असं चालू असताना शॉक दिला तर लय जाग्यावर येते, पण टिकत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

झोपेची तपासणी करून घ्या. आता ती घरीही होते: बोटाला, नाकाला आणि छातीला तारा लावून एक रात्र झोपायचं. तासाला १५पेक्षा जास्त वेळा श्वास अडकत असेल तर सीपॅप यंत्र (मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं) लागू शकतं. मास्क पहिले दोन आठवडे नकोसा होतो. हवा कडेने निसटते, नाक कोरडं पडतं. मास्कचा आकार बदलून आणि पाण्याचा डबा जोडून बहुतेकांचं जमतं, म्हणून चौथ्या दिवशी यंत्र कपाटात टाकू नका. वजन १० टक्क्यांनी उतरलं की श्वास अडकणंही कमी होतं. तिसऱ्या शॉकच्या आधी हे दोन्ही मार्गी लावा.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेली 'शंभर टक्के हर्बल' गोळी घेऊन मैत्रिणीचं महिन्यात सात किलो वजन उतरलं. मला अधूनमधून धडधड होते. मीही घेऊ का? (पुणे)

उत्तर : नको. महिन्यात सात किलो उतरवणारं रोपटं अजून उगवलेलं नाही. अशा गोळ्यांत वेष्टनावर न लिहिलेलं काहीतरी घातलेलं असतं आणि त्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सापडतात. पहिली सिब्युट्रामिन. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून हे औषध २०१०मध्ये अमेरिका-युरोपात बाजारातून काढलं आणि २०११मध्ये भारतात बंद झालं. तरी 'हर्बल' डब्यांत ते वरचेवर मिळतं. दुसरं थायरॉइडचं संप्रेरक. ते वजन उतरवतं आणि ए-फिब सरळ घडवून आणतं. तिसरी लघवी वाढवणारी औषधं. त्यांनी चरबी नाही, पाणी उतरतं आणि त्याबरोबर पोटॅशियम.

भुकेने मारून वजन उतरवण्यातही असाच धोका आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत फक्त द्रवरूप प्रथिनावर राहायचा आहार निघाला होता. तो घेणारी, एरवी धडधाकट असलेली काही माणसं खालच्या कप्प्यांची लय बिघडून अचानक दगावली. दिवसाला आठशे कॅलरींच्या खालचा कुठलाही आहार रक्ततपासणी आणि देखरेखीशिवाय करू नये.

भूक कमी करणारी सेमाग्लुटाइड-टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं वेगळी. ती खरी औषधं आहेत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर योग्य माणसाला द्यावीत अशीच आहेत. त्यांनी नाडी मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी वाढते, ते अपेक्षित आहे. उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी तुटणं हा खरा त्रास. तसं झालं तर लघवीची गोळी आणि पुढचा डोस यांबद्दल त्याच दिवशी फोन करा. आणि तुमची धडधड? ती होत असतानाच ईसीजी काढून घ्या. थांबल्यावर काढलेला ईसीजी बहुधा चांगलाच येतो. मनगटी घड्याळ ईसीजी काढत असेल तर ३० सेकंदांची पट्टी जपून ठेवा. घड्याळाने नुसतं 'अनियमित' म्हटलं म्हणून ए-फिब ठरत नाही. एखादा ठोका चुकून पुढचा जोरात पडतो, असं वाटत असेल तर तो बहुधा जास्तीचा ठोका असतो, आणि तो बहुतेक वेळा निरुपद्रवी.

प्रश्न : एका वर्षात ७३ किलोवरून ५९वर आलो. आठ महिन्यांत एकदाही ए-फिब नाही. वय ७१, रक्तदाब आणि मधुमेह आहे. अपिक्साबॅन आता बंद करायला हरकत नाही ना? (फोंडा, गोवा)

उत्तर : हरकत आहे. आधी अभिनंदन, चौदा किलो म्हणजे तुम्ही १९ टक्के उतरवलं. पण रक्ताची गुठळी होण्याचा धोका ज्या यादीवरून ठरवतात तिच्यात वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात, हृदयाची कमजोरी आणि रक्तवाहिन्यांचे आजार असतात. वजन त्या यादीत नाहीच. तुमचं वय, रक्तदाब आणि मधुमेह मिळून तीन गुण होतात आणि लय सुधारली म्हणून त्यातला एकही कमी होत नाही. शिवाय ए-फिब 'झालं नाही' की 'जाणवलं नाही', हे तुम्हाला सांगता येणार नाही. पुष्कळ झटके मुके असतात. अ‍ॅस्पिरिनवर भागवायचा विचारही नको, ती इथे पुरी पडत नाही.

वजन उतरल्यावर बदलतात त्या बाकीच्या गोळ्या. रक्तदाबाचा डोस तोच राहिला तर उठताना अंधारी येते. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी तीच राहिली तर साखर अचानक उतरते, आणि घाम-धडधड झाली की माणसाला वाटतं ए-फिब परतलं. अपिक्साबॅनचंही एक आहे. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला आकडा) १.५ किंवा जास्त, या तीनपैकी दोन गोष्टी जमल्या तर डोस ५वरून अडीच मिलिग्रॅमवर आणतात. तुमचं वजन ६०च्या खाली आलंय, पण वय ७१. म्हणजे क्रिएटिनिन १.५च्या आत असेल तर डोस तोच. एका निकषावर स्वतःहून अर्धी गोळी करू नका.

प्रश्न : ए-फिबचा रुग्ण आहे, रोज चालतो, खाणं तेच. तरी चार दिवसांत वजन अडीच किलो वाढलं. चालणं वाढवू का? (अकोला)

उत्तर : चालणं थांबवा आणि डॉक्टरांना आजच दाखवा. चार दिवसांत अडीच किलो चरबी चढायला जवळपास १९ हजार जादा कॅलरी लागतील. हे पाणी आहे. घोट्याच्या वर हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा, खळगा राहिला तर सूज आहे. रात्री आडवं झाल्यावर दम लागतो का, उशी वाढवावी लागते का, तेही पाहा. ए-फिबमध्ये ठोके वेगात राहिले की हृदय थकतं आणि अंगात पाणी साठतं. निजलेल्या अवस्थेत दम लागत असेल तर सकाळची वाट पाहू नका.

नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेला आकडा ए-फिबमध्ये चुकतो, शिवाय दुबळे ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. डिजिटल यंत्रावर रक्तदाब मिनिटाच्या अंतराने तीनदा घेऊन सरासरी काढा. बसल्या जागी नाडी ११०च्या वर असेल तर ती आटोक्यात येईपर्यंत व्यायाम नको. पुढे चालायला लागाल तेव्हा नाडीचं लक्ष्य ठेवू नका, मेटोप्रोलोलसारखी गोळी ती दाबून धरते. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, असा वेग ठेवा. रोज अर्धा तास, आठवड्याला २१० मिनिटं. वजन सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर घ्या. काटा गादीवर किंवा सतरंजीवर नको, फरशीवर ठेवा. तीन दिवसांत दोन किलो वाढले की फोन करायचा, असा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.